काजू फॅक्टरीतला रोजचा प्लॅन का चुकत होता: जून ते सप्टेंबर २०२५च्या नोंदी

वेंगुर्ला तालुक्यातली छोटी काजू फॅक्टरी आहे. कटिंगला म्हणजे बी फोडायला २२ बायका, पीलिंग-ग्रेडिंगला म्हणजे साल काढून प्रतवारी करायला ३१, बॉयलरवर एक, बोरम्यावर म्हणजे गर वाळवायच्या गरम खोलीवर एक, उचलठेवीला तिघे, एक सुपरवायझर आणि मालक. मी नऊ वर्षं चाकणला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं, मग घरी परत आलो आणि इथे लागलो. आपल्याकडे असे युनिट खूप आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच की माणसं प्लॅनप्रमाणे काम करत नाहीत, म्हणून मी काय केलं आणि त्यातलं काय फसलं ते लिहून ठेवतोय. मशिनबद्दल फार काही नाहीये यात, सगळं माणसांबद्दलच आहे.

२ जून, सोमवार

मे महिन्याचे कागद काढून बसलो. रोजचा प्लॅन २०० किलो गर, म्हणजे कटिंगच्या बाईमागे साधारण ९ किलो. कामाच्या २४ दिवसांत प्लॅन गाठला फक्त ४ दिवस. मालकांचं म्हणणं बायका कमी पडतात, सुपरवायझरचं म्हणणं माल ओला आहे. ओल्याचं थोडं खरंही आहे, यंदा २५ मेलाच मान्सून देवगडपर्यंत पोचला, एरवी जून लागल्यावर येतो, त्यामुळे शेवटची ४० पोती नीट वाळलीच नाहीत.

पण एक गोष्ट खटकली. बाईमागचा आकडा काढला तर रोज साडेसात, सात सहाशे, साडेसात, सात सातशे. माल सुका असो ओला असो, गावठी बारीक बी असो नाहीतर वेंगुर्ला-७ची मोठी बी असो, आकडा तोच. मोठी बी फोडायला सोपी, गर जास्त पडतो, त्या दिवशी आकडा वर जायला हवा की नको? खरी क्षमता कमी असती तर आकडा वरखाली नाचला असता. एवढा सरळ आकडा कोणीतरी धरून ठेवल्याशिवाय येत नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं आणि तरीही पुढची चूक मी केलीच.

४ जून

बोर्ड लावला. पांढरा, मोठा, १,८५० रुपये. प्रत्येकीचं नाव आणि समोर कालचा आकडा, पहिल्या तिघींना हिरवा रंग. चाकणला असे बोर्ड लाइनवर असायचे आणि चालायचे, म्हणजे मला तेव्हा वाटायचं की चालतात.

९ जून

बोर्ड काढला. पाच दिवसांत काय झालं ते लिहितो. दोघी यायच्या बंद झाल्या, त्यातली एक नुकतीच लागलेली होती आणि तिचं नाव रोज सगळ्यात खाली यायचं. सगळ्यात जलद जी आहे तिने तिसऱ्या दिवसापासून आपल्या टबातला गर गुपचूप शेजारणीच्या टबात टाकायला सुरुवात केली, त्यामुळे वरचे आकडे खाली आले, खालचे वर, आणि सरासरी परत साडेसात. बाकीच्यांनी घाई केली तर गर तुटला, तुकडा ११ टक्क्यांवरून १६ वर गेला. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक धरला तर पाच दिवसांत बोर्डाच्या किमतीच्या कितीतरी पट नुकसान झालं.

दोघींच्या घरी जाऊन आलो. एक परत आली. नवीन मुलगी आली नाही, तिच्या आईने चहा दिला पण विषय काढू दिला नाही. सगळ्या गावासमोर नाव खाली लिहिलं गेलं ही गोष्ट इथे लहान नाहीये, कारण त्याच बायका संध्याकाळी एकाच एसटीने जातात, एकाच बचत गटात बसतात, एकमेकींच्या घरात सोयरिकी आहेत. चाकणला शिफ्ट सुटली की माणूस सुटायचा.

११ जून

आज दिवसभर कटिंगलाच बसलो, वही न घेता. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं.

एका काकींच्या बाजूला स्टूल टाकलं. वय साठीच्या आसपास, या कामात वीस वर्षं. डाव्या हाताने बी पात्यात ठेवायची, पायाने दाब, उजव्या हाताने दांडा, टरफल दोन भाग, गर बाहेर. बोटांना राख लावलेली, कारण टरफलाचं तेल लागलं की कातडी जळते, त्यांच्या अंगठ्याची कातडी काळी आणि चिवट झालीय. मी मोजत होतो, मिनिटाला किती बिया ते. सकाळी दहा ते एक एकच लय. आणि मग पावणेचारला, काही न बोलता, लय तुटली. काकी उठल्या, हात पुसले, टरफलं गोळा केली, झाडू मारला, पाणी प्यायल्या, पात्याला तेल दिलं, परत झाडू मारला. पाच वाजेपर्यंत कशीबशी अर्धा किलो भर. आजूबाजूला बघतो तर सगळीकडे तेच, कुणी पदराने वारा घेतंय, कुणी टब पुसतंय. टबाखाली फडक्यात बांधून ठेवलेला गर पण दिसला, किलो-सव्वा किलो असेल, तो उद्याच्या खात्यात. उद्या अंग दुखलं, नातू आजारी पडला, तर साडेसात भरायला तो गर.

मी म्हटलं, काकी, तुम्ही साडेनऊ सहज काढाल. त्या म्हणाल्या, "काढलंय झिला. तीन वर्सांपूर्वी काढलंय. धा काढलंय. मगे किलोमागे दोन रुपये कमी केल्यानी. आता कोण काढतला?"

एवढंच. त्यात सगळं आलं. तीन वर्षांपूर्वी मोठी ऑर्डर होती, बायकांनी जीव काढून काम केलं, आठवड्याचा पगार जास्त गेला, मालकांना वाटलं दर जास्त ठेवलाय, आणि दर उतरवला. तेव्हापासून आपसात साडेसात ठरलं. कुणी कुणाला लिहून दिलं नाही, नवीन बाई लागली की बाजूची बाई सांगते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली अभ्यासकांनी टेलिफोनच्या वायरिंगवाल्या १४ कामगारांची एक खोली कितीतरी महिने नुसती बसून पाहिली होती. त्यांनीपण आपसात दिवसाचा आकडा ठरवलेला, दोन नग, जास्त करणाऱ्याच्या दंडावर ठोसा मारायचे, आणि कारण हेच की जास्त केलं तर दर उतरेल नाहीतर माणसं कमी करतील. मला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. काकींच्या बाजूला बसेपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

१४ जून ते २३ जून

मालकांशी बोलणं. याला नऊ दिवस गेले, आणि या सगळ्या कामात हे नऊ दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. मी मागितलं एवढंच: दर लेखी द्या, मार्च २०२६ अखेरपर्यंत बदलणार नाही, कितीही काम झालं तरी. मालक वाईट माणूस नाही, बँकेचं कर्ज आहे, बॉयलरचा हप्ता आहे, परदेशी कच्च्या मालाचा भाव त्यांच्या हातात नाही. त्यांची भीती एकच की एकेकीचा पगार वाढला तर परवडणार नाही.

मी वहीत हिशोब मांडून दाखवला. दर किलोवर आहे, म्हणजे बाईने ७ किलो काढले काय आणि ९ काढले काय, किलोमागे मजुरी तेवढीच. उलट बॉयलरचं जळण, वीज, सुपरवायझरचा पगार, हप्ता हे १६५ किलोवर वाटण्याऐवजी २०० किलोवर वाटलं जातं, म्हणजे किलो स्वस्त पडतो. हे चार वेळा वेगवेगळ्या दिवशी सांगावं लागलं. पाचव्या वेळी त्यांच्या बायकोने सांगितलं, त्या हिशोब बघतात, तेव्हा पटलं.

२३ तारखेला कागद लावला. मराठीत, मोठ्या अक्षरात, मालकांची सही आणि शिक्का. काकींनी वाचला, म्हणाल्या, "बरा केल्यात. बगूया."

३ जुलै

दहा दिवस झाले, आकडा साडेसातच. मला फार वाईट वाटलं होतं, कागद लावला की दुसऱ्या दिवशी फरक पडेल असं धरून बसलो होतो. पण तीन वर्षांची आठवण दहा दिवसांत कशी जाईल. जे कोणी हे करतील त्यांनी इथे थांबून राहावं, घाईने आणखी काहीतरी आमिष लावायला जाऊ नये. मी गेलो, ते पुढे लिहितो.

दुसरा घोळ लावणीचा. प्लॅनमध्ये मी गैरहजेरी ८ टक्के धरली होती, तो आकडा चाकणहून डोक्यात आलेला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात कटिंगला २२ पैकी १३ बायका. मी इथलाच, माझ्या घरी भातशेती आहे, तरी प्लॅन करताना हे सुचलं नाही याचं मलाच आश्चर्य वाटतं. सुपरवायझरला म्हटलं आधी विचारून ठेव कोण येणार नाही ते. त्याने विचारलं, सगळ्यांनी सांगितलं "येतंय". आणि आल्या नाहीत.

यात खोटं बोलायची इच्छा नव्हती. समोर उभं राहून कुणी विचारलं "उद्या येणार ना?" तर नाही म्हणणं जड जातं, आणि नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, का नाही, कुणाकडे लावणी, तुझी तर झाली ना परवा. एकमेकींच्या शेतात बदली कामाला जायचं असतं, ते टाळता येत नाही, आणि ते सुपरवायझरला पटवून द्यायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा हो म्हणून मोकळं व्हायचं.

५ जुलै

पाण्याच्या माठाच्या वर कॅलेंडर लावलं, साधं, तारखेच्या मोठ्या चौकटीचं, किंमत ६० रुपये. बाजूला लाल टिकल्यांचं पाकीट. ज्या दिवशी येणार नाही त्या तारखेवर एक टिकली चिकटवायची. नाव लिहायचं नाही, कारण सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. मला नाव नकोच होतं, मला फक्त किती जणी नसणार ते हवं होतं.

८ जुलै, मंगळवार

आजचा दिवस लिहायला जड जातंय पण लिहितो.

पीलिंगला साल निघत नव्हती. पावसात असं होतंच, बोरम्यातून निघालेला गर लगेच सोलला नाही तर हवेतला ओलावा धरतो, साल परत चिकटते आणि सुरीने खरवडताना गर तुटतो. पण आज फारच. शोधत गेलो तर बोरम्याच्या मागे जुन्या पत्र्याआड २६ ट्रे. कुठला तीन दिवसांचा, कुठला पाच दिवसांचा. बोरमावाल्या दादांनी लपवून ठेवलेले.

मी ओरडलो. सगळ्यांसमोर. साधारण ६५ किलो गर, त्यातला बराच तुकड्यात गेला, नुकसान अंदाजे ९,४०० रुपये, तो आकडाही मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला.

दादा काही बोलले नाहीत. त्यानंतर दोन दिवस त्यांनी प्लॅनमध्ये लिहिलं होतं अक्षरशः तेवढंच केलं. १० तारखेला वाफ कमी होती, बोरमा तापला नव्हता, एरवी ते स्वतः जाऊन बॉयलरवाल्याला सांगतात, दोन तास जास्त ठेवतात. या वेळी कागदावर सहा तास लिहिलं होतं, सहा तासांनी ट्रे बाहेर. गर कच्चाच, सगळा परत आत घालावा लागला, पीलिंगच्या ३१ बायका अर्धा दिवस बसून. मी विचारलं तर म्हणाले, "तुमी लिवल्यात तसा केलंय."

११ जुलै

सकाळी सगळे जमल्यावर दादांची माफी मागितली. ओरडलो तेव्हा सगळे होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. मग दोघं बाहेर पायरीवर बसलो आणि विचारलं की ट्रे का ठेवायचे. उत्तर अगदी साधं होतं. गेल्या पावसात दोनदा कटिंगकडून गर कमी आला, बोरमा अर्धा रिकामा गेला, पीलिंगच्या बायका बसल्या, आणि ओरडा दादांना बसला. तेव्हापासून अडीअडचणीला म्हणून थोडे ट्रे मागे ठेवायला लागले, मग थोडे अजून. फॅक्टरीला वाचवायलाच ठेवत होते ते, आणि मी चोरी पकडल्यासारखा वागलो.

मग साठा उघड केला. आठ ट्रे पिवळ्या रंगाने रंगवले, रंगाचा डबा ३२० रुपये. हे आठ ट्रे दादांचे, कायम भरलेले ठेवायचे, पण रोज सकाळी आधी तेच पीलिंगला जाणार आणि त्या जागी ताजे भरायचे. पीलिंग अडलं तर दादा स्वतःच्या अधिकारात सोडणार, विचारायचं नाही. आठ हा आकडा दादांनीच सांगितला, मी बारा म्हणत होतो. ते म्हणाले बारा ठेवले तर खालचे विसरतात.

१५ जुलै

हजेरी बोनसबद्दल. वर म्हटलं ना घाईने आमिष लावायला गेलो, ते हे. १ जुलैला जाहीर केलं, महिनाभर एकही खाडा नाही तर ६०० रुपये. लावणी चालू असताना! आठवड्याभरात जवळपास सगळ्यांचा एकेक खाडा पडला, आणि एकदा बोनस गेला म्हटल्यावर उरलेल्या महिन्यात यायला ते कारण उरलंच नाही, उलट काही जणींनी आता गेलाच आहे तर राहिलेली कामं उरकून घेऊ असं केलं. आणि एक जण ताप अंगावर काढून आली, ६०० जाऊ नयेत म्हणून, दुपारी पीलिंगच्या टेबलवरच डोकं टेकून बसली, गाडीने घरी सोडलं. त्या दिवशी संध्याकाळी बोनस बंद केला. तोवर टिकून असलेल्या दोघींना पैसे दिले, १,२०० रुपये. एक खाडा आणि सगळं शून्य अशी योजना कुणीच लावू नये, निदान जिथे माणसांना शेती, आजारपण आणि घर एकट्याने बघावं लागतं तिथे तर नकोच.

टिकल्यांचं सांगतो. पहिल्या आठवड्यात तीनच लागल्या. मग कुणीतरी बहुतेक परीक्षा बघितली, एका शनिवारवर टिकली लागली, ती बाई आली नाही, सोमवारी आली, कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर दोन दिवसांत पुढच्या तारखांवर ३७ टिकल्या. मालक घाबरले, एवढ्या सुट्ट्या! मी म्हटलं सुट्ट्या तेवढ्याच आहेत, आधी दिसत नव्हत्या, आता दिसतात. आता प्लॅन टिकल्या मोजून करतो. हजेरीचा अंदाज एक-दोन बायकांच्या आत येतो.

२१ जुलै

आज मालक, सुपरवायझर आणि मी एका टेबलावर बसलो आणि प्रत्येकाने आपल्या डोक्यातला आकडा कागदावर लिहिला. मालक मला २४० सांगायचे, कारण २४० सांगितलं तर २०० मिळतील. मी ते ओळखून शीटवर २०० लिहायचो. सुपरवायझर कटिंगला १८० सांगायचा, म्हणजे १६५ आले तरी फार वाईट दिसणार नाही. पीलिंगला तो वेगळंच सांगायचा. तिघंही एकमेकांना ओळखून होतो आणि तिघांनीही आपली पाठ सांभाळायला आकडा वाकवला होता, मग त्यावरून जळण किती, कच्चा माल किती उकडायचा, कुणालाच कळणार नाही. उकडलेला काजू रात्रभर पसरून गार करावा लागतो, गरम फोडला तर गर तुटतो, म्हणजे उद्याचा आकडा आजच खरा लागतो. तिथेच आमचं रोज चुकायचं, कधी सकाळी माल कमी, कधी दोन दिवस पडून.

ठरलं: एकच आकडा, टिकल्यांवरून, तिघांच्या सहीने. आणि चुकला तर मालक "कोणामुळे" विचारणार नाहीत, "कशात अडलं" विचारतील.

२९ जुलै ते ५ ऑगस्ट

मालकांकडून राहिलं नाही. काल व्यापाऱ्याचा फोन आला होता, गाडी उशिरा गेली म्हणून, ते थेट कटिंगला आले आणि कोण कोण सुट्टीवर आहे ते नावानिशी विचारायला लागले. टिकल्यांकडे बोट दाखवून. झालं, चार दिवस एक टिकली नाही. हजेरी मात्र तशीच वरखाली. मालकांना कॅलेंडर दाखवलं, कोरं. त्यांना कळलं. १ ऑगस्टला ते स्वतः माठापाशी उभे राहून बोलले, दोनच वाक्यं, "मी विचारूक नको होता. परत विचारूचंय नाय." पुढच्या आठवड्यात टिकल्या परत आल्या, पण आधीपेक्षा कमी. मोडायला पाच मिनिटं लागली, जोडायला किती लागतील माहीत नाही.

६ ऑगस्ट

कटिंग ८.३! गेले आठ दिवस हळूहळू चढतंय. कोणी काही बोलत नाही, मीपण बोलत नाही. फडक्यातला गर अजून आहे, मी बघून न बघितल्यासारखं करतो. काकींनी पगाराच्या दिवशी पाकीट तिथल्या तिथे उघडून दोनदा मोजलं आणि कागदाकडे बघितलं.

१२ ऑगस्ट

पीलिंगचा प्रश्न वेगळा. दर किलोवर, पण तीनशेवीसचा गर आणि चारशेच्या पुढचा बारीक गर यांना दर सारखाच. तीनशेवीस म्हणजे पौंडात ३०० ते ३२० गर, एकशेऐंशी म्हणजे १७० ते १८०, एकशेऐंशीच्या मानाने बारीक सोलायला किलोमागे दुपटीहून जास्त नगांना हात लागतो. म्हणून सकाळी सगळ्यांच्या उड्या मोठ्या गराच्या टोपलीवर, आणि बारीक संध्याकाळपर्यंत पडून, ओलावा धरून, मग तुकडा.

मी प्रत्येक ग्रेडला वेगळा दर काढला. पाच दर. कागदावर एकदम न्याय्य, आणि पाच दिवस भांडणं, कारण सोलायच्या आधी ग्रेड कोण ठरवणार? कारकुनाचा हिशोब चुकला, दोघींना कमी पैसे गेले, परत द्यावे लागले. शेवटी पीलिंगच्याच एका वहिनींनी सांगितलं, सकाळच्या चहापर्यंत सगळ्यांनी बारीकच सोलायचं, सारखं वाटून, चहानंतर मोठं. सकाळी डोळे आणि हात ताजे असतात, बारीक काम तेव्हाच होतं. खर्च शून्य. दुसऱ्या दिवसापासून चालू. पाच दरांचा कागद मी फाडला.

२५ ऑगस्ट

गणपती २७ला. गेल्या वर्षीपर्यंत प्लॅनमध्ये गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण काम लिहिलेलं असायचं आणि पाच दिवस आधीपासूनच निम्म्या बायका गायब, साफसफाई, गणपतीवरच्या माटवीची सजावट, चाकरमानी येणार. यंदा टिकल्यांप्रमाणे २५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर प्लॅनमध्ये सरळ शून्य. त्याच्या बदल्यात बायकांनीच सुचवलं की ११ ते २३ एक तास जास्त बसू, सणाआधी पैसे हातात हवे असतात ना. त्या दोन आठवड्यांत कटिंग सरासरी ९.४. नेहमीच्या आठ तासांच्या हिशोबात धरलं तर ८.४च्या आसपास पडतं, तेपण बरंच. तुकडा १० टक्के. मालकांना १ सप्टेंबरला चालू करून बघायचं होतं, मी नको म्हटलं, गौरी आहेत. ऐकलं त्यांनी.

१५ सप्टेंबर

परत आल्यावर पहिला आठवडा मंद, मग चढलं. आज सकाळी लक्षात आलं की फडकी नाहीत. काकींच्या टबाखाली काही बांधून ठेवलेलं नाही. मी काही विचारलं नाही.

२९ सप्टेंबर

सणानंतरच्या कामाच्या २२ दिवसांत प्लॅन गाठला १७ दिवस. उरलेल्या पाचांत दोन दिवस वीज, एक दिवस बॉयलरची ट्यूब, दोन दिवस माझीच चूक, कच्चा माल कमी उकडला. बाईमागे ९.१. नवीन मशिन एकही घेतलं नाही. जूनपासून आकडा वळायला दोन महिने लागले, आणि त्यातला निम्मा वेळ माझ्याच चुका निस्तरण्यात गेला.

सगळं सुटलेलं नाही. जूनमध्ये बोर्डामुळे गेलेली मुलगी आली नाही, ती आता सावंतवाडीला दुकानात लागलीय असं कळलं. बॉयलरवाला अजून अडचण शेवटच्या क्षणाला सांगतो, त्याला आधी कोणी किती ओरडलंय ते मला अजून काढायचंय.

आणि आज दुपारी दिवाळीच्या ऑर्डरचा हिशोब करताना मालक सहज म्हणाले, आता नऊ काढतात, पगार बराच जातोय, मार्चनंतर बघायला हवं. मी मेचा कागद, जूनचा कागद आणि सप्टेंबरचा कागद शेजारी शेजारी ठेवले, काकींनी सांगितलेली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट परत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. ६ ऑक्टोबरला बसायचं ठरलंय, पुढच्या वर्षीच्या कागदासाठी. मी अट घातली की काकी आणि पीलिंगच्या वहिनी टेबलावर असतील. संध्याकाळी एसटीची वाट बघत असताना काकींना सांगितलं. त्यांनी विचारलं किती वाजता, म्हणजे त्या दिवशी नातवाला शेजारी ठेवून येता येईल.